देवकाबाईच्या तेरवीची रात

काम तसं साधंच होतं. बांधीले पानी द्याचं होतं. बांधी म्हनजे धानाचा वाफा, प्रफुल्ल. तू नागपुरात वाढला, तुले सांगाव लागते. उन्हाळी धान होता, चैताचं ऊन. पान्याची एक पाळी चुकली का पीक पिवळं पडते. आन शेतीच्या लायनीवर थ्री फेज त्या हप्त्यात रातची होती. आठले येनार, पहाटे चारले जानार. म्हनून सेवकराम आन सोमाजी साडेसातले घरून निंघाले.

तारीख बी सांगतो. दोन हजार बाईस, तीन एप्रिल, आइतवार. पाडव्याचा दुसरा दिवस. चंद्राची कोर नखाएवढी, ते बी बुडाच्या वाटंवर होती.

हर्षा, दार लोटून घे बाई. वारा येऊन राहिला.

तं आधीच सांगून ठेवतो, हे सारं मी डोळ्यानं पाह्यलं नाई. सोमाजीनं मले सांगतलं. मी बेहडाटोलीत एकतीस वर्सं सायकलीनं टपाल वाटलं. सोमाजीच्या आंगनात पानी पेल्याशिवाय कधी परत आलो नाई. माह्याहून दोन वर्सं लहान, मले दादा म्हनते. खोटं बोलनारा मानूस नाई तो. तो जास्त बोलतच नाई.

बेहडाटोली तुमी पाह्यली नसन. चौतीस घरं. तेल-मिठाले बी सानगडीच्या बाजारात जाव लागते. टोलीले लागून एक बोडी, लहानसा तलाव. बोडीच्या खाली साऱ्यायच्या बांध्या. शेवटची बांधी सेवकरामची. तिच्या धुऱ्यावर, म्हनजे बांधावर, एक मोठं मोहाचं झाड. मंग नाला. नाल्याच्या पलीकडं पार्क. तिथून पुढं मानसाचं काही नाई, सारं जनावराचं.

त्या दिवसी टोलीत देवकाबाईची तेरवी होती. सारी टोली जेवाले. सेवकराम बी पंगतीत बसला. दोनदा बुंदी मांगून घेतली. देवकाबाईची पोरगी रीना सासरून आली होती, तीच वाढत होती.

"काका, भात घ्या अजून."

"दे बाई, दे. तुह्या मायचं शेवटचं जेवन आहे." सेवकरामनं पत्रावळ पुढं केली. "वाघानं लय वाईट केलं गा तिचं."

सोमाजी त्याच्या बाजूलेच बसला होता. त्याचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राह्यला. 

कारन वाघानं काही केलं नव्हतं. त्या पंगतीत हे दोघांलेच मालूम होतं.

सांगतो. बारा दिवसाआधीची गोष्ट. बाईस मार्च, मंगळवार. पार्कातली डुकरं रातची येत आन धान लोळवून जात. सेवकरामनं डुकरासाठी करंट लावला होता. बांधीभोवती उघडा तार, खुंट्यांवर, गुडघ्याच्या खाली. वरच्या लायनीवर बांबूनं आकडा टाकला का तार जिवंत. सोमाजी ते शेत अर्धलीनं करत होता, म्हनून धान दोघांचा आन तार बी दोघांचा. संध्याकाळी लावत, पहाटे उजाडाच्या आत काढत. कोनाले पत्ता नाई.

मोहफुलाचे दिवस होते. टोलीतल्या बाया उजाडलं का टोपल्या घेऊन निंघत. देवकाबाई त्या दिवसी साऱ्यायच्या आधी आली. एकटीच. रीनाले सासरी परत जाचं होतं, तिच्या संगं थोडी मोहफुलं द्याची होती म्हने.

हे दोघं तार काढाले गेले तं झाडाखाली देवकाबाई पडली होती. टोपली उलटी. सेवकरामनं आधी आकडा काढला. मंग तोंडावर टॉर्च मारला.

"गेली," तो म्हनला.

आन देवकाबाईचे ओठ हालले.

"सेवकभाऊ... पानी दे गा."

पंपाचा हौद दहा पावलावर होता, पोरायनो. दहा पावलं. सोमाजी वळला बी. सेवकरामनं त्याचं मनगट धरलं.

"कोठी चालला?"

"पानी मांगते ना ती."

"डाक्टरकडं नेलं तं पोलीस येतीन. दोघंबी आत जाऊ. तिच्यात आता काही राह्यलं नाई. तू पाय धर."

"जित्ती आहे गा!"

"पाय धर म्हनतो ना मी!"

आन सोमाजीनं पाय धरले.

नाला ओलांडून पार्कात चारशे पावलं आत नेलं तिले. वाटंत ती दोनदा बोलली. दोन्ही वेळा एकच शब्द... पानी. एका बिबळ्याच्या झाडाखाली ठेवलं आन आले परत. बिबळ्याचं झाड म्हनजे बिजा, हर्षा, बिबट्या नाई. घरी येऊन सेवकराम चहा पेला. सोमाजी हात धुत बसला.

लोकायले ती दिवस मावळता सापडली. जंगलात पडलेल्या मानसाचं जे होते ते झालं होतं. करंटची निशानी शोधाले आंगच धड राह्यलं नव्हतं. बाजूच्या रेतीत वाघिनीचे पंजे. टोली भडकली. साऱ्यायच्या पुढं सेवकराम. वाघीन पकडा, नाईतं आमी जंगल पेटवू. पार्कवाल्यायनं नाल्याच्या काठी लोखंडी पिंजरा आनून ठेवला. मांगच्या खनात बकरी बांधली. वाघीन काही आली नाई. बकरी मात्र रातभर ओरडे. टोलीपर्यंत आवाज येई.

तं आता त्या राती या.

पावने आठले दोघं शेतावर पोचले. सोमाजीनं पंपाच्या झोपडीचं दार उघडलं, पेटी तपासली. सेवकराम कोपऱ्यातलं तनीस, धानाचा पेंढा, उपसून राहिला होता. तनसीच्या खालून त्यानं ताराचं बंडल काढलं. तोच तार.

सोमाजी पेटीपासून वळला. "हे काय करून राहिला?"

"दिसत नाई का? काल डुकरायनं तीन हात धान लोळवला."

"आज तेरवी आहे तिची, सेवकराम. आत्ता जेवून आलो आपन."

"मंग? झाली ना तेरवी? सरलं." तो हासला. "आता तिकडं कोन फिरनार आहे? वाघाच्या भेवानं एक बाई घराच्या बाहेर पडत नाई. आपलं बरंच झालं."

"मी हात लावनार नाई ताराले."

"नको लावू. पानी फिरव. पन एक ध्यानात ठेव, सोमा." त्यानं बंडल खांद्यावर टाकलं. "पाय तू धरले होते."

तो खुंट्या घेऊन अंधारात गेला. सोमाजी फावडं घेऊन बांधीच्या खालच्या टोकाले.

ठीक आठले लाइट आली. पंप सुरू झाला. पाटात पानी पडाचा आवाज आला. पंपापासून खालच्या टोकापर्यंत दीडशे पावलाचा पाट. पानी याले दहा मिनिटं लागत. सोमाजीनं धुरा फोडून तोंड करून ठेवलं आन बिडी पेटवली.

बिडी सरली. पानी आलं नाई.

दुसरी पेटवली. ते बी सरली. पंप तं चालू होता. आवाज येऊन राहिला होता. नाल्याकडून बकरी ओरडत होती. साडेआठ झाले.

पाट फुटला असन कोठी, म्हनून सोमाजी टॉर्च घेऊन वर निंघाला. पाट कोरडा. वीस पावलं, कोरडा. चाळीस पावलं, कोरडा. एकशे चाळीस पावलावर मोहाचं झाड. तिथं तो थांबला.

झाडापर्यंत पाट काठोकाठ भरून वाहत होता. आन झाडाखाली... सरत होता.

फुटला नव्हता. बाजूची माती सुकी. बीळ नाई. भेग नाई. पानी येत होतं जोरात आन एका जागी येऊन सरत होतं. त्याच्या पुढं धूळ.

आन आवाज. घट... घट... घट...

म्हशी पानी पेतात ना, तसा नाई. मानसाचा. लय दिवसाच्या तहानेचा.

त्याच वेळी ध्यानात आलं. बकरी गप झाली होती.

"काय गा!" अंधारातून सेवकराम ओरडला. "पानी काहून नाई येऊन राहिलं? झोपला का?"

सोमाजीनं टॉर्च पाटावरच धरून ठेवला. सेवकराम धुऱ्यावरून तनतनत आला. टॉर्च मारला. पाह्यलं.

"उंदराचं बीळ असन," तो म्हनला. पन आवाज बारीक झाला होता. "माती टाक ना त्याच्यात. पाहतो काय?"

सोमाजी हालला नाई. सेवकरामनं त्याच्या हातातलं फावडं ओढलं. मातीचं ढेकूळ उचललं. जिथं पानी सरत होतं तिथं टाकलं.

घटघट थांबली.

पानी बी थांबलं. पाटात उभं राह्यलं. हालेना.

मंग आवाज आला. वरून नाई. बाजूनं नाई. पाटातून.

"सेवकभाऊ..."

पंप चालू होता, तरी ऐकू आलं. हळूच. शेजारीन कुंपनावरून हाक मारते तसं.

"...पानी दे गा."

सेवकरामच्या हातातून फावडं सुटलं. टॉर्च पडला, विझला. तो मांगं सरला. एक पाऊल. दोन पाऊल. मंग पळत सुटला. घराकडं नाई. टोलीच्या बाजूले त्यानंच आत्ता तार लावला होता. तो जिवंत आहे का नाई, हे त्या भेवात त्याले आठवलंच नाई, तिकडं वळलाच नाई तो. नाल्याकडं गेला.

सोमाजीले त्याचं धावनं ऐकू आलं. धानातून. मंग पाचोळ्यातून. आन त्याच्या मांगून दुसरे पाय. अनवानी. धावत नव्हते. चालत होते. तरी मांगं पडत नव्हते.

मंग नाल्याकडून लोखंडाचा आवाज.

धाड!

पिंजऱ्याचं दार.

मंग काहीच नाई...

"सोमा!" सेवकरामची किंकाळी. "सोमा, दार उघड गा! सोमा!"

सोमाजी उभाच.

"सोमा... दार उघड... ती..."

गप.

"...ती आत आहे."

काय म्हनते, हर्षा? सोमाजी काहून नाई गेला?

मी बी हेच विचारलं होतं. तो म्हनला, "दादा, मी निंघालो होतो." खरंच निंघाला होता तो. झोपडीतला लोटा घेतला, हौदातून भरला. आधीच्या वेळी नाई देल्लं, आता तं देऊ, असं त्याच्या मनात आलं. नाल्याच्या दिशेनं दोन पावलं टाकली. तिसरं पाऊल उचलेना.

त्याचे पाय कोनं तरी धरले होते.

दोन्ही पाय. घोट्याच्या वर. दहाच्या दहा बोटं त्याले मोजता आली असती, इतकी घट्ट. गार. त्यानं खाली पाह्यलं नाई. 

तसाच उभा राह्यला तो. हातात भरला लोटा.

नऊ वाजले असतीन. दहा. नाल्याकडून सेवकराम बोलत होता. आधी शिव्या. मंग देवाचं नाव. मंग रडनं. मंग मारोतीले नवस. मंग... एकच शब्द.

"पानी."

थोडा वेळ जाय. परत.

"पानी..."

पहाटपर्यंत, पोरायनो. आवाज बारीक होत गेला. घोगरा होत गेला. शेवटी बाईसारखा होत गेला. सोमाजी म्हनते, शेवटच्या तासात कोन मांगून राहिलं होतं हे त्याले सांगता आलं नसतं.

चारले लाइट गेली. पंप बंद पडला. तिकडचा आवाज बी तेव्हाच सरला. आन त्याच्या पायावरची बोटं एकेक करून सुटली.

सोमाजी पिंजऱ्याकडं गेला नाई. टोलीकडं धावला. मारोतीच्या देवळातली घंटा बडवली. सारी टोली उठली. कंदील, टॉर्च, काठ्या घेऊन पंधरा-वीस जन नाल्यावर गेले. पार्कवाले बी आले.

बकरी पिंजऱ्याच्या बाहेर धान खाऊन राहिली होती. तिच्या गळ्यातला दोर तसाच, गाठ तशीच, दुसरं टोक आत मांगच्या खनातल्या कडीले बांधलेलं होतं तसंच बांधलेलं. दोर तुटला नव्हता. सुटला नव्हता. गजातून बकरी निंघनार नाई, तिचं डोस्कंच निंघत नाई.

पिंजऱ्याचं दार पडलेलं. त्याले बाहेरून खिट्टी असते, वाघ पकडल्यावर मानूस हातानं लावते. ते खिट्टी लावलेली होती.

आत सेवकराम. कोपऱ्यात, गुडघे पोटाशी. मेलेला. उजव्या तळहातावर काळा डाग आन डाव्या तळपायावर काळा डाग. तिथं असलेल्या वायरमननं पाह्यल्याबरोबर सांगतलं, करंटनं मेला. ओठ मात्र फाटून सालटं निंघालेले, तीन-चार दिवस पान्याविना राह्यल्यासारखे. संध्याकाळी पंगतीत त्यानं तीन गिलास मठ्ठा पेला होता.

करंट आला कोठून? तार शंभर पावलं दूर. लोकायनं भीत भीत तपासला. आकडा बांबूले बांधलेलाच, झोपडीले टेकवून ठेवलेला. सेवकरामनं तो लायनीवर टाकलाच नव्हता. त्या साऱ्या तारात रातभर एक थेंब करंट नव्हता.

तार पाहून साऱ्या टोलीनं सोमाजीकडं पाह्यलं.

सोमाजी रीनापुढं जाऊन बसला. मातीतच. साऱ्यायच्या देखत त्यानं सांगतलं. तार, झाड, नाला. पाय धरले ते बी. पार्कातली जागा. काही लपवलं नाई. बाया रडत होत्या. रीना रडली नाई. तिनं एवढंच विचारलं,

"माय जित्ती होती?"

"हो."

"पानी मांगतलं तिनं?"

"हो माय."

"तुमी देल्लं?"

"नाई, माय."

रीनानं पदर खोचला. मंग बोलली, "मले काय सांगता? मी माफ करनारी कोन?" आन उठून गेली. त्यानंतर आजपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाई.

सोमाजी स्वतःच्या पायानं पोलिसात गेला. सहा महिने आत होता. आता जामिनावर आहे, तारखा चालू आहेत. पिंजरा त्याच दिवसी नेला. त्या वाघिनीनं ना आधी कोनाले हात लावला होता ना नंतर.

बाहेर आल्यावर सोमाजीनं पहिलं काम केलं ते घरातला मीटर काढाले लावला. घरात करंट नको म्हने. त्याची बायको रुखमिणी लय भांडली, पन ऐकलं नाई. लाइनमननं पोलावरून येनारा तार बी उतरवून नेला. घासलेटाच्या चिमनीवर राहतात दोघं. भिंतीत एक जुना होल्डर तेवढा राह्यला, त्यात एक पिवळा बल्ब. तो काढाचा राहून गेला.

औंदा मार्चमंधी त्याचा निरोप आला. दादा, एकवीस तारखेले माह्याकडं मुक्कामाले या. काहून, ते सांगतलं नाई. मी गेलो. जेवलो, जुन्या गोष्टी काढल्या, झोपलो.

पहाटे जाग आली. तोंडावर उजेड होता.

मले वाटलं, उजाडलं. डोळे उघडले तं सोमाजी खाटंवर बसून भिंतीकडं पाहत होता. रुखमिणी तोंडावर पदर घेऊन कोपऱ्यात.

बल्ब जळून राहिला होता.

मंद. पिवळा. एका लयीत... कमी होय. जास्त होय. कमी होय. कोनी दम घेते तसा.

"दरवर्सी?" मी विचारलं.

"हो दादा. बाईसच्या पहाटे."

मी बाहेर जाऊन पाह्यलं. पोलापासून घरापर्यंत तार नाई. मोकळं आभाळ. परत आत आलो तं बल्ब विझला होता. चिमनी लावली. स्टूल ओढलं. सोमाजी म्हनला, "दादा, नको." मी ऐकलं नाई. चढलो. एकच बोट लावलं. सहज.

आता चार महिने झाले. सानगडीच्या डाक्टरचं मलम झालं, साकोलीच्या डाक्टरचं झालं.

प्रफुल्ल, तुह्या मोबाइलचा उजेड पाड इकडं.

हे बोट पाह्य. भाजलं म्हनतात हे. पन भाजल्याची जागा सुकते ना, बाप्पा? हे ओलंच राहते. रातभर यातून थेंब थेंब पानी गळते.